सही करणारा आणि फेडणारा

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचे एक जुने सभासद आणि गारगोटीस अर्थशास्त्र शिकविणारा त्यांचा भाचा यांच्यात, राष्ट्राने परक्यांकडून कर्ज काढावे की नाही, या प्रश्नावर जो संवाद झाला, तो दोघांनाही आपापल्या भूमिकेवर निश्चिंत राहू न देणारा होता, म्हणून तो येथे मांडतो.

"मामा," भाचा म्हणाला, "न काढलेल्या कर्जाचाही एक हिशेब असतो. शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरीचे धरण 1918 च्या सुमारास द्रव्याभावी खोळंबले आणि पुरे होईपर्यंत स्वातंत्र्य येऊन गेले. मधल्या पिढीने जी कोरडवाहू जमीन कसली, तिचे व्याज कोणत्या खतावणीत मांडावयाचे? उलट कोयनेसाठी जागतिक बँकेचे कर्ज घेतले, आणि त्या विजेवर महाराष्ट्रातले कारखाने चालले."

"खोळंबलेले धरण पुढच्या पिढीला हाती घेता येते, चढलेला बोजा तिला नाकारता येत नाही," मामा म्हणाले. "शिवाय बोजा लिहून दिला तेवढाच राहतो, असेही नाही. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलरला 4.76 ऐवजी 7.50 रुपये पडू लागले. ज्या डॉलर-कर्जापोटी आदल्या दिवशी शंभर रुपये देणे होते, त्यापोटी सुमारे 157 द्यावे लागणार, हे एका रात्रीत ठरले; आणि या वाढीव रकमेतला एक पैसाही कोणाच्या शेतात पडला नव्हता."

"तो दोष परक्याचा की आपल्या कारभाराचा? 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे 47 टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले, त्याआधी वर्षानुवर्षे मिळकतीवर खर्च चढतच होता. घरचा सावकार तरी कोठे हिशेब मागतो? शासनाची थकहमी मिळाली की कारखान्याला कर्ज देणारी बँक फारशी खोलात जात नाही. परका निदान विचारतो. दाभोळच्या वीजप्रकल्पाला जागतिक बँकेने 1993 मध्ये पैसा नाकारला, ही वीज महाग पडेल असे बजावले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्याच वीजमंडळाने करारावर सही केली, दर डॉलरशी बांधला गेला, पुढे राज्याने हमी दिली, तीवर केंद्राने प्रतिहमी दिली. 2001 मध्ये मंडळाला ती वीज घेणे थांबवावे लागले."

"म्हणून कारभार परक्याच्या हाती सोपवायचा? तो नाही म्हणतो ते आपल्या मुद्दलाच्या काळजीने, माझ्या उसाच्या नव्हे. उद्या त्याच काळजीने तो माझे पाणी महाग करील."

मला येथे मामांचे म्हणणे अधिक खोल वाटते. उसन्या शिस्तीने खाते सुधारेल, पण संस्थेचा धुरीण सभासदांपेक्षा सावकाराला जाब देऊ लागेल, आणि ही हानी व्याजाहून मोठी आहे. राज्यघटनेच्या 293 व्या कलमाने राज्यांना देशाबाहेर कर्ज काढण्याची मुभा ठेवली नाही. पण हमीवर हमी रचून परदेशी देण्याचा भार राज्यावर आणता येतो, हे दाभोळने दाखविले. कारखान्याच्या संचालकाने संस्थेचे नुकसान केले तर सहकार कायद्याच्या 88 व्या कलमाखाली चौकशी होऊन त्याच्याकडून भरपाई वसूल करता येते. राज्याच्या वतीने हमी लिहून देणाऱ्याला निवडणुकीतील पराभवापलीकडे भय ते कोणते?

"करार आधी सभासदांपुढे ठेवा, असेच ना?" भाच्याने विचारले. "पण वार्षिक सभांमधून विषय वाचून होण्याआधीच 'मंजूर, मंजूर' होते, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक पाहिले आहे."

"पाहिले आहे. म्हणून मी वाचनावर विसंबत नाही. ज्याच्या नावाची कोनशिला, त्याच्याच कारकिर्दीत पहिल्या हप्त्याची कपात उसाच्या बिलातून सुरू झाली पाहिजे. कपात कोणाला वाचून दाखवावी लागत नाही."

"मग धरण कोणी बांधणारच नाही, मामा. पाच वर्षांत फळ देणारे मोठे काम नसते."

"तर दहा घे, पण सही करणारा हिंडता-फिरता आहे तोवर त्याने ती कपात सभासदांच्या तोंडावर सांगावी, एवढे बांधून घे."

बांधून घेणार कोण, असे भाच्याने विचारले, तेव्हा मामांनी सभासदांचे नाव घेतले; आणि भाच्याने पुन्हा 'मंजूर'च्या घोषांचा विषय काढला.