पाळण्यातून दिसणारे ठिपके

‘द थर्ड मॅन’ मी पहिल्यांदा पाहिला तो लातूरमध्ये, २०१७ साली, साडेपाच इंची मोबाइलवर. औसा रोडवरच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो. दुसऱ्या दिवशी फिजिक्सची टेस्ट होती. तिसरा पार्टनर घोरत होता आणि एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात घालून आम्ही दोघं सिनेमा बघत होतो. सिनेमा मित्राने आणला होता. ‘जुना आहे, ब्लॅक अँड व्हाइट आहे, पण व्हिलन बघ भावा,’ एवढीच शिफारस त्याने केली होती.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुसरं महायुद्ध संपलंय आणि व्हिएन्ना शहर चार देशांच्या फौजांनी वाटून घेतलंय. हॉली मार्टिन्स हा काउबॉयच्या स्वस्त कादंबऱ्या लिहिणारा अमेरिकन लेखक. हॅरी लाइम या जुन्या मित्राने बोलावलं म्हणून तो तिथे येतो आणि पोचतो थेट हॅरीच्या अंत्यविधीला. पुढे कळतं की हॅरी जिवंत आहे. धंदा काय करतो, तर लष्करी दवाखान्यांतून चोरलेलं पेनिसिलिन भेसळ करून विकतो. ते टोचलेली, मेंदूज्वर झालेली मुलं दवाखान्यात पडून आहेत. दिग्दर्शक कॅरॉल रीड ती मुलं एकदाही दाखवत नाही. खाटांकडे बघणारे चेहरे दिसतात आणि एक नर्स टेडी बेअर उचलून टाकून देताना दिसते.

आम्हाला मात्र लक्षात राहिला तो पाळणा. व्हिएन्नाच्या प्राटर बागेतल्या प्रचंड आकाशपाळण्यातून हॅरी खाली चालणाऱ्या माणसांकडे बोट दाखवतो आणि हॉलीला विचारतो, त्यातला एखादा ठिपका चालायचा थांबला तर तुला खरंच काही वाटेल? प्रत्येक ठिपक्यामागे वीस हजार पाउंड, तेही करमुक्त, मिळणार असतील तर पैसे घेशील की नको म्हणशील? हा प्रश्न आम्ही महिनाभर एकमेकांना विचारत होतो. रँक लिस्टमध्ये आमच्या वर असलेल्या पोरांना आम्ही ‘ठिपके’ म्हणायला लागलो. हसायचो.

असं हसणारे आम्ही पहिले नव्हतो. १९४९ साली या सिनेमाला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, रॉबर्ट क्रास्करला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं आणि अँटन कारासने झिथरवर वाजवलेली धून जगभर गाजली. १९९९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर सिनेमांच्या यादीत तो पहिला आला. पण त्याच्या कौतुकातली मला सगळ्यात विचित्र वाटणारी गोष्ट वेगळी आहे. हॅरी लोकांना इतका आवडला की १९५१-५२ मध्ये त्याच्यावर रेडिओ मालिका निघाली. आवाज पुन्हा ऑर्सन वेल्सचाच. त्या मालिकेतला हॅरी हा जगभर फिरणारा, चलाख, हवाहवासा लबाड होता. लहान मुलांच्या औषधात भेसळ करणाऱ्या माणसाला श्रोत्यांनी दोन-तीन वर्षांत माफ करून टाकलं. का? तर तो छान हसायचा म्हणून.

डॉक्टर आम्ही दोघंही झालो नाही. मी नांदेडला डी.फार्म केलं आणि आता डॉक्टर लेनमध्ये मामाच्या मेडिकलवर बसतो. मित्र औषधांच्या होलसेलमध्ये गेला.

डी.फार्मला असताना सरांनी एक प्रकरण शिकवलं होतं. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. पुरवठादार, रुग्णालय, औषध प्रशासन, मंत्री अशा सगळ्यांवर अहवालाने बोट ठेवलं. ते ऐकताना मी त्या साखळीत हॅरी लाइम शोधत होतो. तसा कुणी सापडेना. एकाने स्वस्त माल घेतला, एकाने न तपासता सही केली, एकाने फाइल पुढे सरकवली. ठिपके बघायला पाळण्यात चढावंच लागतं असं नाही, टेबलामागच्या खुर्चीत बसूनही माणसं तेवढीच बारीक दिसतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्या नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी देशभर गेली. त्यात १२ नवजात बाळं होती. कारणांवर बरेच वाद झाले आणि भेसळीशी त्या घटनेचा संबंध मी जोडत नाही. मी माझ्यापुरतं सांगतो. विष्णुपुरीचं ते रुग्णालय माझ्या दुकानापासून गाडीवर थोड्याच अंतरावर आहे. ‘२४’ हा आकडा मी मोबाइलवर वाचला, हळहळलो आणि पुढच्या रीलवर गेलो. मीही पाळण्यातच बसलेलो होतो.

मग डिसेंबर २०२४ आला. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांत औषधच नव्हतं आणि त्याबद्दल गुन्हा दाखल झाला, अशी बातमी आली. त्यानंतर काही महिन्यांनी मित्र दुकानात आला. चहा झाला, लातूरच्या मेसमधल्या पाणीदार वरणाची आठवण निघाली. मग त्याने बॅगेतून स्ट्रिप काढली. तीच अँटिबायोटिक, दुसऱ्या कंपनीची. किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी, बिल नाही.

‘आत काय आहे?’ मी विचारलं.

‘गोळी आहे. कायला टेन्शन घ्यायलास भावा? कोण बघायलंय?’

आणि तो हसला. अगदी छान हसला. मलाही हसू आलं, हे कबूल करतो. आठ वर्षांच्या मैत्रीचं हसू हिशेब करून येत नाही.

सिनेमात हॅरीवर प्रेम करणारी अ‍ॅना म्हणते की माणसाबद्दल आणखी काही कळलं म्हणून तो माणूस बदलत नाही. हॉली शेवटी पोलिसांना मदत करतो. आजवर या दोघांपैकी एकाची बाजू घ्यायची असते असं मला वाटायचं. त्या दिवशी दोघांचंही पटलं. माझ्या बापाच्या ऑपरेशनला रात्रभर दवाखान्यात बसणारा मित्र आणि ही स्ट्रिप पुढे करणारा मित्र एकच होता. पहिल्याला खोटं ठरवून दुसऱ्याला सोडून देणं मला जमणार नव्हतं, आणि पहिल्यासाठी दुसऱ्याकडे डोळेझाक करणंही जमणार नव्हतं. कारण ती गोळी ज्याच्या पोटात जाणार, त्याच्यासाठी रात्रभर बसणारं कुणीतरी असणारच. त्याचं नाव मला माहीत नाही, एवढाच काय तो फरक. आपल्या माणसाला चेहरा असतो आणि परक्याला नसतो. निष्ठा सोपी वाटते ती या एका कारणामुळे.

मी माल घेतला नाही. पण तेवढं पुरेसं नव्हतं, कारण शेजारी अजून पंचवीस दुकानं होती. ‘मी बॅच नंबर कळवणार आहे. त्याआधी तूच थांब,’ असं त्याला सांगितलं. तो बराच वेळ स्ट्रिपकडे बघत राहिला, मग बॅग उचलून निघून गेला. दोन दिवस मी वाट पाहिली. त्या दोन दिवसांत किती गोळ्या विकल्या गेल्या असतील, हा प्रश्न अजून माझ्याकडे आहे. तिसऱ्या दिवशी औषध निरीक्षकांना फोन केला.

गेल्या महिन्यात सिनेमा पुन्हा पाहिला, यावेळी एकट्याने आणि दोन्ही कानांत इअरफोन घालून. शेवटी दफनभूमीच्या लांबलचक रस्त्यावर हॉली अ‍ॅनाची वाट बघत उभा असतो आणि ती त्याच्याकडे न बघता पुढे निघून जाते. ग्रॅहम ग्रीनला शेवट थोडा सुखाचा हवा होता, रीडने ऐकलं नाही. लातूरला असताना आम्ही हा शेवट पळवला होता. काही घडत नाही म्हणून.

मी केलं ते बरोबर होतं, असं मला वाटतं. बरं मात्र वाटत नाही. या दोन शब्दांत अंतर असतं आणि ते असायलाच हवं, कारण मित्राला पकडून दिल्यावर ज्याला अगदी बरं वाटतं, त्याच्या नजरेत मित्राचाही ठिपका झालेला असतो. दिवाळीला त्याला शुभेच्छा पाठवल्या. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.