सड्यावरची फुले आणि गुरांचे खूर

सह्याद्रीच्या सौंदर्यावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे, पण त्यातले बरेचसे कड्याच्या टोकावर उभे राहून. १८२८च्या सुमारास गव्हर्नर माल्कमच्या काळात महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण म्हणून वसू लागले आणि डोंगर बघण्याची एक रीतही तिथे रुजली. ठरलेल्या पॉइंटवर जायचे, कठड्याला टेकून दरी न्याहाळायची, परत फिरायचे. दरी थक्क करतेच, त्यात शंका नाही. पण त्या नजरेला खालच्या वाड्यापाड्यांतला माणूस दिसत नाही, आणि दिसला तरी देखाव्यातला एक ठिपका म्हणून. ज्याला आपण निसर्गाचे सौंदर्य म्हणतो, ते या डोंगरात अनेक ठिकाणी माणसाच्या वागण्यामुळे टिकले आहे. त्याच्या राबण्यामुळे, आणि त्याहून जास्त त्याने हात आवरल्यामुळे.

कासचे पठार घ्या. साताऱ्याच्या पश्चिमेला, समुद्रसपाटीपासून साधारण बाराशे मीटर उंचीवरचा हा सडा. खाली बेसॉल्ट, वर जांभ्याचे कवच, त्यावर मातीचा पातळ थर. झाडाची मुळे धरतील एवढी माती नाही, आणि असलेल्या मातीत पोषण नाही. या दारिद्र्यामुळेच इथे फुले आहेत. सीतेची आसवे ही निळीजांभळी नाजूक वनस्पती मातीतून न मिळणारे नत्र पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून मिळवते. दवबिंदू आपल्या चिकट केसांनी किडे धरतो. श्रावण-भाद्रपदात तेरडा, गेंद, वायतुरा पठारभर पसरतात. हीच माती सुपीक असती, तर इथे उंच गवत आणि झुडपे माजली असती आणि बोटभर उंचीच्या या रोपांना ऊनही लागले नसते. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, त्यात कास आहे. मग गर्दी आली, आणि फुले वाचवायला जाळीचे कुंपण आले.

कुंपणाने माणसे अडली, तशी गुरेही अडली. काही वर्षांत आजूबाजूच्या गावांतले लोक सांगू लागले की गवत वाढले आहे आणि फुले विरळ झाली आहेत. चराई थांबल्याचा हा परिणाम असावा, असे अभ्यासकही म्हणू लागले. गुरे उंच गवत खातात तेव्हा खालच्या रोपट्यांवर उजेड पडतो. अखेर कुंपण काढण्यात आले. मला ही घटना फार मोलाची वाटते. ज्या गुराख्याला आपण फुलांचा शत्रू समजलो, त्याच्या रोजच्या येण्याजाण्याचा या फुलोऱ्यात वाटा होता. त्याच्या जनावरांना बाहेर काढून आपण 'शुद्ध' निसर्ग राखायला निघालो होतो.

देवराईची गोष्ट याच्या उलट आणि तरी तीच. भीमाशंकरच्या डोंगरात आहुपे गावाची देवराई आहे. अशा रायांमध्ये शिरताना हवा बदलते. मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली झाडाझाडांवरून गेलेल्या, वर कुठेतरी शेकरूची हालचाल, पायाखाली कुजणाऱ्या पानांचा ओला थर. कित्येक ठिकाणी गावाचा झराही राईतूनच निघतो. नियम सोपा आणि कडक: इथले लाकूड देवाचे, वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची पद्धतशीर नोंद केली, तेव्हा या श्रद्धेने काय राखले आहे, हे शहरातल्या शिक्षितांच्या ध्यानात आले. सुंदर दिसावे म्हणून कोणी देवराई राखली नव्हती. वाघजाईच्या, काळकाईच्या, भैरोबाच्या कोपाची भीती होती आणि पाण्याची गरज होती.

आता ती भीती ओसरली आहे. अनेक गावांत देवाला उघड्यावर कसे ठेवायचे म्हणून जीर्णोद्धार होतो, स्लॅब पडतो, फरशी येते आणि त्या खर्चासाठी राईतलीच झाडे विकली जातात. मोठे देऊळ आणि मोडलेली राई असे चित्र बघताना मला दुःख होते. पण गावकऱ्यांना दोष देताना जीभ अडखळते, कारण मोठे देऊळ म्हणजे मोठा मान, हे त्यांना आपणच शिकवले आहे.

जंगलाशी असलेले असे जुने नाते सणांतही दिसते. आश्विन वद्य द्वादशीला महाराष्ट्रभर वसुबारस असते, गायवासराची पूजा. त्याच दिवशी अकोले तालुक्याच्या डोंगरातले महादेव कोळी आणि ठाकर वाघबारस करतात. वाघोबाला शेंदूर लागतो, नैवेद्य दाखवला जातो, गुराढोरांना सांभाळ असे मागणे होते. गाय खाणाऱ्यालाच तिच्या रक्षणासाठी विनवायचे, यात जंगलात आपल्याशिवाय आणखी कोणाचा हक्क आहे ही मोठी समजूत आहे. कोकणकडा बघून मला जेवढा आनंद होतो, तेवढाच या समजुतीने होतो.

हे सारे गोड करून सांगणे मात्र अप्रामाणिक ठरेल. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि बेसॉल्टच्या उतारावरून वाहून जातो. एप्रिल-मे महिन्यांत तिथल्याच वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. वरई-नाचणीने वर्ष निघत नाही, म्हणून घरे बंद करून माणसे नारायणगावच्या मजूर बाजारात उभी राहतात. सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचे फोटो आपण काढतो. डोंगरातल्या माणसासाठी कारवी म्हणजे घराचा कूडही असतो: काठ्या उभ्या करायच्या, वर शेणमातीचा लेप. ती कारवी तोडायची परवानगी नसेल आणि पत्र्याला पैसे नसतील, तर त्या निळ्या फुलोऱ्याचे त्याने काय करायचे? कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेले देशी बियाणे २०२०च्या पद्मश्रीमुळे देशाला कळले. ते जपले गेले ते खाण्यासाठी आणि पेरण्यासाठी.

केवळ बघण्यासाठी उरलेले असे जपले जात नाही, म्हणूनच भंडारदऱ्याच्या काजव्यांची मला काळजी वाटते. पावसाच्या तोंडाशी हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजवे लुकलुकतात, ती नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण असते. गाड्यांच्या दिव्यांच्या झोतात ती खूण पोहोचत नाही. रात्री किती गाड्या सोडायच्या, कुठे थांबवायच्या, शुल्क किती, हे ठरवण्याचा अधिकार तिथल्या ग्रामसभेचा असावा. पश्चिम घाटाविषयीच्या २०११च्या गाडगीळ अहवालात निर्णय ग्रामसभेपासून सुरू व्हावा असे म्हटले होते. तो अहवाल गावांपर्यंत नीट पोहोचलाच नाही. पोहोचली ती आपल्या जमिनी जाणार ही अफवा. २०१४पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले, आणि त्यांतल्या गावांच्या याद्या वरूनच ठरत गेल्या. कासला आजूबाजूच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर हंगाम सांभाळतात, रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आहे आणि प्रवेशशुल्क लागते. ही व्यवस्था अपुरी आहे, तिच्यात भांडणे आहेत. तरी सुरुवात तिथूनच करावी लागेल, आणि त्या समित्यांच्या बैठकीत गुराख्याला बोलावले गेले पाहिजे.