भोगवटा आणि स्वामित्व

एखादी वस्तू आपली असणे आणि ती आपल्या उपभोगात असणे, या दोन गोष्टींतील अंतर जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात कोणाला ग्रंथ वाचून शिकावे लागले नाही. वनखात्याच्या जमिनीचे तुकडे येथे एकसाली कराराने कसण्यास मिळत, म्हणजे नागली-वरईचे एक पीक घेण्यापुरता ताबा, आणि पुढल्या वर्षी तोच तुकडा आपल्याकडे राहील की नाही हे सरकारी मर्जीवर. अशा जमिनीवर माणूस राब भाजतो, पेरणी करतो, कापणी करतो. परंतु दगड रचून पक्का बांध घालताना त्याचा हात अडतो, आणि दहा वर्षांनी फळणारे आंब्याचे झाड तर तो लावीतच नाही. भूमी तीच, घाम तोच, पीकही तेच. तरी मुदतीच्या जाणिवेने मनुष्याचे त्या भूमीशी असलेले नाते आतून बदलून जाते.

हा विचार मनात येण्याचे निमित्त वरकरणी क्षुल्लक आहे. जव्हारला लहानाचा मोठा झालेला आणि आता सहकुटुंब अमेरिकेत स्थायिक असलेला माझा पुतण्या विचारतो की, लहानपणी दूरदर्शन संचाला जोडून खेळत असू ते जुने व्हिडिओ गेम आता वार्षिक वर्गणीवर मिळतात, तर ती वर्गणी भरावी की भरू नये? निन्टेन्डो या जपानी कंपनीने अशी सेवा सप्टेंबर 2018 मध्ये सुरू केली. वर्षाला सुमारे 20 डॉलर दिले की 1983 साली निघालेल्या तिच्या प्रसिद्ध यंत्रावरील खेळांचा संग्रह खुला होतो, आणि अधिक रक्कम भरल्यास नंतरच्या आणखी काही यंत्रांवरील खेळही मिळतात. खेळ यंत्रात उतरवून घेता येतात, परंतु सात दिवसांच्या आत एकदा इंटरनेटशी जोडणी झाली पाहिजे, आणि वर्गणीची मुदत संपली की ते उघडत नाहीत. सुट्टीत मुलांना घेऊन तो मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर पंधरा दिवस राहिला आणि तेथे रेंज मिळाली नाही, तर पैसे भरलेले असूनही खेळ बंद.

पैशाचा हिशेब त्याला माझ्यापेक्षा उत्तम येतो. त्याच्या पुढल्या वाक्याने मात्र मी थबकलो. “काका, एका अर्थी हा अपरिग्रहच नाही का? घरात वस्तूंचा पसारा नाही, मालकीचा अहंकार नाही, आणि आनंद मात्र पुरता मिळतो.”

युक्तिवाद मोहक आहे, आणि त्याला मोठ्या परंपरेचा आधार असल्याचा भासही होतो. ईशावास्योपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात भोग आणि त्याग एकत्र गुंफले आहेत आणि धन कोणाचे, हा प्रश्न तेथे उभा केला आहे. परंतु ज्यावर आपला हक्कच नव्हता त्याचा त्याग आपण केला, असे म्हणता येत नाही. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केली नाही, मूर्च्छेवरून केली. वस्तूवर जडलेली, विवेक हरपणारी आसक्ती हाच त्यांच्या मते परिग्रह. ही कसोटी लावली तर मालकीचा दस्त नावावर नसणे हे निरासक्तीचे प्रमाण ठरत नाही. पूर्वी एका कॅसेटवर सारा मे महिना काढणारा मुलगा तीतील पाचच खेळ, पण अखेरपर्यंत, जाणत असे. शंभरांवर खेळांची यादी समोर आली की हात एकावरून दुसऱ्यावर फिरत राहतो, कोठेच रमत नाही, आणि पुढल्या महिन्यात यादीत काय भर पडणार याची उत्कंठा मात्र वाढत जाते. घरात अडगळ होत नाही हे खरे, पण लोभाला अडगळीचा जो एक नैसर्गिक लगाम असतो तोही त्यामुळे सुटतो.

एकसाली जमिनीचा दाखला मी दिला तो भीतभीतच दिला. तेथे प्रश्न पोटाचा होता आणि येथे करमणुकीचा आहे. दोहोंना एका पंक्तीत बसवणे हा त्या कष्टकऱ्यांचा अपमान होईल. साम्य आहे ते एवढेच की, ज्याची मुदत दुसऱ्याच्या हाती असते त्याची निगा राखण्याचा, ते सुधारण्याचा आणि पुढच्या पिढीच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही, आणि अधिकाराबरोबर ते कर्तव्यही नाहीसे होते.

मग वर्गणी सोडून विकत घ्यावे, म्हणजे प्रश्न सुटेल काय? जानेवारी 2019 मध्ये याच कंपनीचे वी या यंत्रासाठीचे विक्रीदालन बंद झाले, मार्च 2023 मध्ये आणखी दोन यंत्रांच्या दालनांतील खरेदी थांबली, आणि तेथेच उपलब्ध असलेले कित्येक जुने खेळ बाजारातून दिसेनासे झाले. 2010 पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी सुमारे 87 टक्के आज रीतसर मिळत नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने 2023 साली दाखवून दिले. ही हानी निव्वळ मालकीने भरून येणारी नाही. कपाटात कुलूपबंद ठेवलेली मूळ कॅसेट मालकाच्या पश्चात रद्दीत जाते, आणि तिच्याबरोबर तो खेळही जातो.

मला जे सांगायचे आहे ते या दोहोंच्या पलीकडचे आहे. मोखाड्याच्या बोहाड्यात रात्री संबळाच्या तालावर देव-दानवांची सोंगे नाचत येतात; गणपती, शारदा, नरसिंह, रावण. सोंगाचा मान अनेक ठिकाणी घराण्यात चालत आलेला असतो. तो मुखवटा त्या घराचा आहे काय? आहे, कारण त्याचा रंग उडाला तर रंगवायचा त्यांनी, आणि बापाची पावले मुलाने उचलायची. आणि नाहीही, कारण तो मान बाजारात मांडावा असे त्या घराच्या स्वप्नातही येणार नाही आणि बोहाडा साऱ्या गावाचा असतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही नेमके असेच नाते मान्य केले: पट्ट्याने किंवा कराराने दिलेली वनजमीन हक्काची करून घेण्याची वाट त्याने खुली केली, पण तो हक्क वारसाने चालेल आणि विकता येणार नाही, असे बंधन घातले.

येथून नाशिक दूर नाही. तेथील त्रिरश्मी डोंगरावरच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. ते लेणे त्याने चातुर्दिश भिक्षुसंघाला दिले, म्हणजे चारी दिशांनी येणाऱ्या, अद्याप न आलेल्या भिक्षूंनाही. आणि 3000 कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवून, मुद्दलाला हात न लावता, त्याच्या व्याजातून वर्षावासातील भिक्षूंच्या वस्त्रांची तरतूद केली. त्या लेण्यात राहणारा भिक्षू कशाचाच मालक नव्हता, तरी त्याला कोणी भाडेकरू म्हणणार नाही. अपरिग्रह म्हणतात तो हा, आणि त्यासाठी कोणीतरी आधी काहीतरी कायमचे सोडून द्यावे लागते. वर्गणीच्या व्यवस्थेत कोणीच काही सोडत नाही. एक पक्ष दरसाल देत राहतो आणि दुसरा सारेच राखून ठेवतो.

पुतण्याला मी लिहिले की एक वर्षाची वर्गणी अवश्य भर. नाटकाचे तिकीट काढतो तसे ते पैसे गेले असे समज, मुलांबरोबर मनसोक्त खेळ, आणि त्याला वैराग्याचे नाव देऊ नकोस. जव्हारच्या घरातील पेटीत त्याच्या जुन्या कॅसेट आहेत. त्यांचे तांब्याचे दात स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पाहावेत, आणि चालल्या तर शेजारच्या मुलांच्या हाती द्याव्यात.

परंतु एका घराच्या सद्भावनेवर हे सोडून भागणार नाही. बाजारातून उठलेले खेळ संशोधकांना दूरवरून पाहू देण्याची मुभा ग्रंथालयांनी मागितली, ती अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये नाकारली. आपल्याकडे 1954 च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला ग्रंथाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना विनामूल्य द्यावी लागते, आणि त्या कायद्यातील ग्रंथाच्या व्याख्येत नकाशे व संगीताची सुटी पानेही येतात. खेळ येत नाहीत. ते यावेत, आणि कंपनीने विक्री थांबविल्यावर ती प्रत कोणाही वाचकाला तेथे बसून खेळता यावी, अशी मागणी मी करतो.