प्रामाण्याचा प्रश्न आणि उतरत्या विमानातील एक आकडा

ज्ञान खरे कधी मानावे, या प्रश्नावर भारतीय दर्शनांतील मीमांसक आणि नैयायिक यांचा वाद शतकानुशतके चालला. ज्ञान उपजतच प्रमाण असते व ते खोटे ठरवायलाच बाहेरचे कारण लागते, हे मीमांसकांचे स्वतःप्रामाण्य. तर ज्ञानाचा खरेपणा कळण्यासाठीही त्या ज्ञानाबाहेरचा पडताळा हवा, हे नैयायिकांचे परतःप्रामाण्य. जेट विमानाच्या वैमानिकाला हा वाद प्रत्यक्ष निर्णयाच्या क्षणी गाठतो.

अनेक जेट विमानांत त्याच्यासमोर एंजिन प्रेशर रेशो, म्हणजेच ईपीआर, हा आकडा असतो. टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वायूच्या एकूण दाबाला एंजिनाच्या तोंडाशी शिरणाऱ्या हवेच्या एकूण दाबाने भागले की तो मिळतो. आकडा जितका मोठा तितका रेटा अधिक, अशी व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे नियत साहचर्य, अनुभवाने मनात रुजते. परंतु उंचावरून उतरताना थ्रॉटल आयडलवर, म्हणजे किमान इंधनाच्या स्थितीत, आणलेला असतो, तेव्हा हाच आकडा एकाच्याही खाली जाऊ शकतो. ध्वनीच्या 0.8 पट वेगाने जाणाऱ्या विमानाच्या पुढ्यातील हवा त्या वेगानेच दाबली जाते आणि तिचा एकूण दाब भोवतालच्या दाबाच्या सुमारे दीडपट होतो. उलट इंधन थोडेच जळत असल्याने टर्बाइन जी ऊर्जा काढून घेते तिची पुरती भरपाई होत नाही, आणि मागचा दाब पुढच्यापेक्षा कमी भरतो. पुढे विमानाचा वेग घटला की तोंडाशी असलेला दाब उतरतो आणि थ्रॉटलला हात न लावताही आकडा चढू लागतो. एंजिन निरोगीच असते. एकाखालच्या आकड्यावरून ते बंद पडल्याचे अनुमान करणाऱ्याचा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचार ठरतो, कारण साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नसलेल्या ठिकाणीही तो आढळतो.

याची भीषण उलट बाजू 13 जानेवारी 1982 रोजी वॉशिंग्टन येथे दिसली. एअर फ्लोरिडाच्या बोइंग 737 विमानाच्या एंजिनांतील बर्फरोधक यंत्रणा बंद होती आणि तोंडाशी दाब मोजणारी नळी बर्फाने बुजली होती. भाजक खोटाच कमी भरला, त्यामुळे आकडा 2.04 दिसत राहिला; प्रत्यक्षात तो सुमारे 1.70 होता. पंखांवरही बर्फ होते. उड्डाण होताच विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळले आणि 78 माणसे दगावली. नळी मोकळी असणे ही त्या व्याप्तीची न सांगितलेली अट होती. नैयायिक अशा अटीला उपाधी म्हणतात आणि अग्नीवरून धूर अनुमानणाऱ्याला ओल्या लाकडाची आठवण करून देतात.

म्हणून नैयायिकांचा पक्ष सरसकट जिंकला असे मात्र म्हणता येत नाही. प्रत्येक आकड्याचा पडताळा, त्या पडताळ्याचाही पडताळा, असे करीत बसणाऱ्याला विमान उडवता येणार नाही, आणि अनवस्थेचा हा दोष मीमांसकांनी अचूक हेरला होता. मीमांसक कुमारिलभट्टांच्या मते ज्ञानाला ग्राह्य मानावे, पण विरोधी ज्ञान उपजले किंवा ज्ञानाच्या साधनात दोष असल्याचे कळले, तर ते प्रमाण राहत नाही. त्या दिवशी धावपट्टीवर सहवैमानिकाला इतर मापके विसंगत दिसली आणि त्याने तसे वारंवार बोलून दाखवले, म्हणजे बाधक ज्ञान कॉकपिटमध्ये उपजले होते. तरीही उड्डाण थांबवले गेले नाही आणि थ्रॉटलही वेळीच पुढे ढकलले गेले नाहीत, 2.04 हा आकडा बाधित झाल्यावरही प्रमाण मानला गेला, आणि याचे समर्थन दोन्ही दर्शनांपैकी एकातही सापडत नाही.