होकार, नकार आणि नोंदवही

माणसाची पारख त्याच्या शब्दावरून करावी की कृतीवरून, हा प्रश्न फार जुना आहे. 'कृतीवरून' असे उत्तर आपण चटकन देतो आणि मोकळे होतो. परंतु कृती दिसेपर्यंत थांबायला व्यवहारात सवड असते कुठे? घर बांधायला गवंडी बोलवायचा, मुलाला शिकवणी लावायची, दिवाळीच्या फराळाची मागणी नोंदवायची. सगळीकडे आधी शब्दावर विसंबायचे आणि मग अनुभवाची वाट पाहायची, असाच क्रम आहे. हाच प्रश्न हल्ली एका अगदी नव्या ठिकाणी, संगणकाच्या पोटात, रोज उपस्थित होतो. तेथे तो ज्या रीतीने सोडवला जातो ती रीत पाहिली, म्हणजे आपल्या वागण्यावरही थोडा उजेड पडतो असे मला वाटते.

सणाची छायाचित्रे ठेवण्यासाठी आपण संगणकाला पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क जोडतो. या दोघांमध्ये एक दुभाष्या बसलेला असतो. तो म्हणजे 'डिव्हाइस ड्रायव्हर' नावाचा प्रोग्रॅम. 'हे वाच', 'हे लिही', 'तुझ्यात जागा किती ते सांग' अशा आज्ञा तो उपकरणाला देतो. या आज्ञांची एक ठरलेली भाषा आहे. 'स्कझी' या नावाने ती ओळखली जाते आणि १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाण अधिकृतपणे ठरले. आजचे बहुतेक पेन ड्राइव्हही तीच भाषा बोलतात. आज्ञेचा क्रमांक एका बाइटात मावतो, म्हणजे २५६ क्रमांक शक्य आहेत. पण प्रत्येक उपकरणाने प्रत्येक आज्ञा पाळलीच पाहिजे असा दंडक नाही. काही थोड्या सक्तीच्या, बाकीच्या ऐच्छिक. तेव्हा समोरच्याला काय येते आणि काय येत नाही, हे दुभाष्याने जाणून घ्यायचे कसे?

पहिला मार्ग सरळ विचारण्याचा. 'तू कोण?' असे विचारणारी एक आज्ञा आहे. तिला उपकरण आपला निर्माता, नमुना आणि आपण प्रमाणाची कोणती आवृत्ती मानतो ते सांगते. पुढे तर 'तुला कोणकोणत्या आज्ञा येतात त्यांची यादी दे' असे विचारणारी आज्ञाही प्रमाणात आली. आता प्रश्न मिटला असे कोणालाही वाटेल. पण गंमत अशी की, काही उपकरणे या प्रश्नानेच गांगरतात. म्हणून लिनक्स ही संगणकप्रणाली यूएसबीने जोडलेल्या पुष्कळशा उपकरणांना हा प्रश्न विचारतच नाही! काही उपकरणांची गोष्ट याहून बोलकी आहे. ओळख विचारताना ३६ बाइटांपेक्षा अधिक उत्तर मागितले की ती अडखळतात. आणखी एका प्रश्नाला १९२ बाइटांचेच उत्तर मागावे लागते. कारण विंडोज तेवढेच मागते, आणि निर्मात्याने तेवढीच परीक्षा घेतलेली असते. हे ऐकून अपेक्षित प्रश्नसंचावर तयार झालेल्या विद्यार्थ्याची कोणाला आठवण होणार नाही? दोष मात्र एकट्या विद्यार्थ्याचा नव्हे. वर्षानुवर्षे तेच ते प्रश्न विचारणाऱ्या परीक्षकाचाही त्यात वाटा आहे.

दुसरा मार्ग आज्ञा देऊन पाहण्याचा. एकच मजकूर डिस्कच्या विस्तृत भागावर लिहिण्याची एक सोयीची आज्ञा आहे. २०१२ साली लिनक्सने ती वापरायला घेतली, तेव्हा पद्धत अशी ठेवली की, डिस्कला ही आज्ञा देऊन पाहावी. 'हा क्रमांक मला ठाऊक नाही' असे उत्तर आले तर त्या डिस्कपुढे खूण करावी, पुन्हा ती आज्ञा देऊ नये आणि तेच काम लांबच्या वाटेने उरकावे. म्हणजे नकारामुळे काम अडत नाही. थोडा वेळ अधिक लागतो, इतकेच.

येथे मला या साऱ्या विषयाचे मर्म दिसते. आपल्याकडे नकाराला प्रतिष्ठा नाही. 'नाही' म्हणणारा माणूस आपल्याला उद्धट वाटतो, आणि 'होऊन जाईल, काळजी नको' म्हणणारा भला. पण 'चकल्या मला जमत नाहीत, लाडू सांगा' असे म्हणणाऱ्या बाईमुळे कोणाचा सण बिघडला आहे काय? सण बिघडतो तो धनत्रयोदशीपर्यंत 'हो, हो' म्हणत राहणाऱ्या माणसामुळे. उपकरणांतही तसेच. हाताशी राखून ठेवलेला मजकूर कायमच्या जागी उतरव, अशी एक आज्ञा आहे. ती न पाळताच एखाद्या डिस्कने 'झाले' म्हटले आणि त्याच क्षणी वीज गेली, तर ती छायाचित्रे पुन्हा मिळायची नाहीत. खरा नकार वेळ खातो. खोटा होकार ठेवच बुडवतो.

कोणी म्हणेल, यंत्राला कसला आला खरेपणा नि खोटेपणा? बरोबर आहे. परंतु उपकरणाच्या अंगी असलेला तो 'हो' कोणातरी माणसाने लिहिलेला असतो. कधी घाईने, कधी स्पर्धेमुळे, कधी 'कोण तपासायला बसलाय' या भरवशावर. यंत्राचे शब्द हे अखेर माणसाचेच शब्द होत.

शब्द फसवा आणि प्रयोग धोक्याचा, असे झाले की तिसरा मार्ग उरतो, तो नोंदवहीचा. लिनक्समध्ये अशी एक वही खरोखरच आहे, आणि तिचे नावच मुळी 'नेहमीपेक्षा निराळी उपकरणे' अशा अर्थाचे आहे. अमुक उपकरण आपली जागा एका घराने जास्त सांगते, तमक्याला अमुक आज्ञा देऊ नये, अशा नोंदी तीत आहेत. शेवटच्या घराचा क्रमांक विचारला असता घरांची एकूण संख्या सांगणारी ही उपकरणे लबाड नव्हेत, नुसती गोंधळलेली. पण विसंबणाऱ्याचे नुकसान दोहोंनी सारखेच होते.

वही ठेवणे हे मात्र जोखमीचे काम आहे. एकदा नावापुढे शेरा पडला की तो पुसतो कोण? निर्माता पुढच्या आवृत्तीत चूक सुधारतो, आणि जुना शेरा नव्या निरपराध उपकरणाला चिकटून राहतो. म्हणून त्या वहीत प्रत्येक नोंदीसोबत 'या आवृत्तीपासून त्या आवृत्तीपर्यंत' अशी मर्यादा लिहिण्याची सोय केलेली आहे. पुष्कळ नोंदींत ती मर्यादा 'आरंभापासून अखेरपर्यंत' अशी सरसकट घातलेली आढळते, हेही खरे. आळस माणसाला कोठेही सोडत नाही. तरीही काही प्रकारच्या नोंदींबाबत ती प्रणाली स्वतःच तपासून पाहते आणि 'या उपकरणाची नोंद आता अनावश्यक दिसते, कृपया कळवा' असा निरोप वापरणाऱ्याला देते. ज्याने शेरा मारला त्यानेच तो खोडण्याची वाट मोकळी ठेवावी, यापेक्षा न्याय तो निराळा काय असतो?

आपल्या मनातही अशी एक वही असतेच. 'धाकट्या दिरावर काम सोपवू नये', 'मामांचा शब्द म्हणजे पाण्यावरची रेघ' असे शेरे तीत वर्षानुवर्षे पडून असतात. ते सगळेच खोटे असतात असे नाही. अनुभव विसरणे हा काही सद्गुण नव्हे. पण ती नोंद कोणत्या काळची, याची तारीख आपण घातलेली असते काय? दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी व्यापारी जुनी बाकी नव्या वहीत ओढतो, आणि ती ओढायलाच हवी. मात्र जी बाकी फिटली आहे, ती कोणताही शहाणा व्यापारी पुढे ओढत नाही.