उशिरा आलेल्या यशाचा कर्ता कोण?

कर्म आणि त्याचे फळ यांच्यामध्ये जो काळ लोटतो त्याचा उलगडा कसा करावा, हा भारतीय दर्शनांपुढचा एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. यज्ञ आज संपतो, पण ज्या स्वर्गासाठी तो केला तो यजमानाला मृत्यूनंतर मिळायचा असतो. मग संपून गेलेली क्रिया इतक्या उशिरा फळ देते कशी, असा पेच मीमांसकांना पडला. तो सोडवण्यासाठी शबरस्वामी आणि कुमारिल भट्ट यांच्या परंपरेने ‘अपूर्व’ ही संकल्पना मांडली. अपूर्व म्हणजे कर्मातून उत्पन्न होणारी, डोळ्यांना न दिसणारी आणि फळ हाती येईपर्यंत टिकून राहणारी शक्ती. वेदान्त्यांना हे पटले नाही. कोणाला, केव्हा आणि किती द्यायचे हे अचेतन शक्तीला कळणार कसे, असा आक्षेप घेऊन शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात फळ देणारा ईश्वरच असला पाहिजे, असे प्रतिपादन केले. मात्र फळ कितीही उशिरा आले तरी ते कर्त्याच्या स्वतःच्याच कर्माचे असते, हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले आहे. म्हातारपणी नावारूपाला आलेल्या एखाद्या लोककलावंताविषयी ‘अखेर कष्टांचे चीज झाले’ असे जेव्हा सहज म्हटले जाते, तेव्हा बोलणाऱ्याच्या नकळत हेच गृहीतक त्याच्या तोंडून बोलत असते, आणि म्हणून ते एका खऱ्या आयुष्यावर घासून पाहणे आवश्यक ठरते.

मध्य प्रदेशातील उमरिया जिल्ह्यातल्या लोढा या गावच्या जोधइया बाई बैगा यांचे आयुष्य या परीक्षेसाठी फार बोलके आहे. शासनाने विशेष दुर्बल आदिवासी समूहांत गणलेल्या बैगा समाजात त्यांचा जन्म झाला आणि शाळेचे तोंडही त्यांना पाहायला मिळाले नाही. पतीच्या अकाली निधनानंतर त्यांनी मजुरी करून, जंगलातून लाकूडफाटा आणून, मिळेल ते काम करून मुलांना वाढवले. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार आशिष स्वामी यांनी 2008 मध्ये लोढ्यात ‘जनगण तस्वीरखाना’ नावाची चित्रशाळा सुरू केली, आणि सत्तरीच्या आसपास पोहोचलेल्या जोधइया बाईंनी तिथे पहिल्यांदा रंग हाती घेतला. आधी जमिनीवर, मग भाज्यांवर आणि लाकडावर, आणि त्यानंतर कागदावर असा त्यांच्या हाताचा प्रवास झाला. पुढे त्यांची चित्रे मिलान आणि पॅरिसच्या प्रदर्शनांत पोहोचली; 2022 मध्ये त्यांना नारीशक्ती पुरस्कार आणि 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. डिसेंबर 2024 मध्ये त्यांचे निधन झाले.

आता हे फळ नेमके कोणत्या कर्माचे, असा प्रश्न विचारला की ‘कष्टांचे चीज’ ही भाषा अडखळू लागते. ज्या कष्टांत त्यांची चाळीस-पन्नास वर्षे गेली ते चित्रकलेचे कष्ट नव्हतेच. डोक्यावरून लाकडाची मोळी वाहणे ही काही रेषेची साधना नव्हे. तिला साधना म्हणणे म्हणजे दारिद्र्याला मागाहून पवित्र ठरवणे होय, आणि असे पावित्र्य बहाल करणारे बहुधा स्वतः मोळी वाहत नाहीत. शिवाय तीच मोळी त्याच रानातून त्याच वर्षांत वाहणाऱ्या इतर बायकांना काहीच मिळाले नाही. फळ हे कष्टांचेच असते असे मानले, तर त्या बायकांचे कष्ट उणे होते किंवा त्यांच्या संचितात, म्हणजे मागील जन्मांच्या साठलेल्या कर्मांत, काही खोट होती, असे मान्य करावे लागते. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावरील पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप दूर करण्यासाठी जगातील विषमतेचे कारण प्राण्यांच्या कर्मांत शोधले आहे. तो युक्तिवाद ईश्वराला निर्दोष ठरवतो, पण त्याची किंमत ज्याच्या पदरी काहीच पडले नाही त्याला मोजावी लागते. ही किंमत फार मोठी आहे, आणि ती टाळता येत असेल तर टाळलीच पाहिजे.

ती टाळण्याची वाट परंपरेच्या बाहेर शोधावी लागत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे कर्म जिथे घडते तो आधार, कर्ता, करण, म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, म्हणजे हालचाली आणि प्रयत्न, आणि पाचवे दैव. असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला खरे दिसतच नाही, असा निर्वाळाही तिथेच दिला आहे. टीकाकारांनी अधिष्ठानाचा अर्थ बहुधा शरीर असा घेतला आहे. पण लोढ्यातील चित्रशाळेकडे पाहिले की त्याचा अर्थ जागा असाही घेण्याचा मोह होतो, आणि तो मोह अनाठायी नाही. सारवलेली जमीन, सुकायला ठेवलेला भोपळा, रंग, कुंचला आणि सत्तरीच्या बाईला ‘इथे बसा आणि काढा’ म्हणणारा शिक्षक इतके सगळे एकत्र आले तेव्हा चित्र झाले. ती जागा आणखी वीस वर्षांनी उघडली असती, तर जोधइया बाईंचे संचित आहे तसेच राहून चित्र मात्र झाले नसते. लोकमान्य टिळकांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्या श्लोकाला कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटले, त्यात अधिकार कर्मापुरता ठेवून फळाची आशा सोडायला सांगितले आहे. या उपदेशाकडे वैराग्याचा धडा म्हणूनच पाहण्याची सवय झाली आहे, परंतु त्यात एक साधे निरीक्षणही दडलेले आहे: पाचांपैकी एकाच कारणावर ज्याची सत्ता चालते, त्याने पाचांचे मिळून झालेले फळ आपले एकट्याचे मानणे हिशेबाला धरून नाही.

पाश्चात्त्य नीतिशास्त्रात हाच प्रश्न ‘नैतिक नशीब’ या नावाने चर्चिला गेला. कृतीचे नैतिक मोल कर्त्याच्या हाती नसलेल्या परिणामांवर अवलंबून असते काय, असे विचारताना बर्नार्ड विल्यम्स यांनी पॉल गोगँ या फ्रेंच चित्रकारावर बेतलेले उदाहरण घेतले होते. कुटुंब सोडून चित्रांमागे गेलेल्या माणसाच्या निर्णयाचे समर्थन, झालेच तर, चित्रे यशस्वी झाल्यावरच होऊ शकते, असा त्यांचा मुद्दा होता. जोधइया बाईंच्या आयुष्यातला क्रम याच्या अगदी उलट आहे. मुलेबाळे मार्गी लागल्यावर त्यांनी रंग हाती घेतला, त्यामुळे त्यांच्या चित्रांवर कोणाचे ऋण नव्हते आणि यशाने फेडावा असा कोणताही अपराध मागे उरला नव्हता. पुरस्कारांपूर्वीची त्यांची दहाहून अधिक वर्षे या दृष्टीने अत्यंत मोलाची आहेत, कारण त्या काळात चित्र काढणे हेच चित्र काढण्याचे कारण होते. पुढे सन्मान आले नसते तरी त्या वर्षांतून काहीही वजा झाले नसते.

त्यांनी काढले काय, हेही इथे पाहण्यासारखे आहे. मोहाचे झाड, रानातले पशुपक्षी आणि ज्याला बैगा देव मानतात तो वाघ हे त्यांचे विषय होते. स्वतःला धरित्रीची लेकरे समजणाऱ्या बैगांनी तिच्या छातीवर नांगर चालवणे पाप मानले आणि त्याऐवजी झाडोरा जाळून त्याच्या राखेत बी पेरण्याची ‘बेवर’ शेती केली. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांच्या बैगांवरील 1939 च्या ग्रंथात याचे सविस्तर वर्णन आहे. ज्या समाजात पीकसुद्धा आईकडून ओढून न घेता तिने दिले तेवढे घ्यायचे असते, तिथे फळावरच्या मालकीचा विचारच वेगळ्या पायावर उभा असतो. बैगा स्त्रीचे गोंदणही असेच आहे. अंगभर कोरलेल्या त्या रेघा आणि ठिपके एवढाच दागिना मेल्यावर बरोबर येतो अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि तो दागिना कोणीही स्वतःच्या हाताने कोरत नाही. तो वेगळ्या समाजातील गोंदणारी स्त्री कोरते. मृत्यूपलीकडे नेण्याजोगी जी एकमेव कमाई, तीही दुसऱ्याच्या हातची, हा विचार अपूर्वाच्या कल्पनेत बसत नाही, पण गीतेच्या पाच कारणांजवळ मात्र सहज जाऊन बसतो.

आशिष स्वामी यांचे 2021 मध्ये करोनाच्या साथीत निधन झाले. शिष्येचा नारीशक्ती पुरस्कार त्यांनी पाहिला नाही आणि पद्मश्रीही पाहिली नाही. त्यांच्या कर्माचे फळ कुठे गेले, असे विचारले तर मीमांसक ते पुढच्या जन्मी ठेवील आणि वेदान्ती ते ईश्वरावर सोपवील; पाच कारणांचा हिशेब मांडणाऱ्याला मात्र ते दिल्लीत जोधइया बाईंच्या हाती ठेवलेल्या पदकातच, त्यांच्या वाट्याला लागून दिसेल.