काही झाले नाही, म्हणून दोष नाही?



फेब्रुवारी महिन्यात नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला आपल्या धर्मग्रामातून अनेक कुटुंबे जातात. पूर्वी एस.टी.ने किंवा रेल्वेने जाणारी मंडळी आता स्वतःच्या गाडीने जातात. परतताना जुन्या महामार्गावर इगतपुरी मागे पडली की कसारा घाटाचा उतार लागतो आणि कित्येक चालकांचा हात गिअरवर जातो. गाडी न्यूट्रल! 'उतारच आहे, पेट्रोल कशाला जाळायचे?' गाडी सुखरूप खाली येते. मागच्या सीटवर मुले झोपलेली असतात. कोणी टोकले तर उत्तर तयार असते : 'काही झाले का? नाही ना!'

आजचा आपला प्रश्न या उत्तराविषयी आहे. काही झाले नाही, म्हणजे आपला काही दोषच नाही का?

आधी गाडीचे समजून घेऊ. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा इंजिन आणि चाके जोडलेली असतात. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकांना इंजिन फिरवावे लागते आणि त्या ओढीमुळे वेग आवरला जातो. न्यूट्रलमध्ये हा दुवा सुटतो. गाडीचा, माणसांचा आणि सामानाचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि फार तापले की त्यांची पकड कमी होते. बचतीचा हिशोबही चुकीचा आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय काढला की इंजिनाला जाणारे इंधन सहसा थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते. काही जण तर चावी फिरवून इंजिनच बंद करतात. मग ब्रेक दाबायला इंजिनाची जी मदत मिळते ती थोड्याच वेळात संपते आणि स्टिअरिंग जड होते. म्हणूनच जुने चालक सांगत आले आहेत की ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

आता अशी कल्पना करू या की दोन चालक एकाच घाटातून न्यूट्रलमध्ये उतरले. एकाच्या वाटेत कोणी आले नाही. दुसऱ्याच्या समोर वळणावर एक मूल आले आणि ब्रेक लागला नाही. दुसऱ्याला आपण अपराधी म्हणतो; पहिला घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. दोघांनी केले एकच. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी नेमक्या याच कोड्यावर निबंध लिहिले. नेगल यांच्या निबंधात तर ब्रेक वेळेवर न तपासणाऱ्या चालकाचेच उदाहरण आहे. मूल रस्त्यात येणे किंवा न येणे चालकाच्या हातात नसते. मग जे त्याच्या हातात नव्हते, त्यावरून त्याचा दोष कमी-जास्त कसा ठरवायचा?

ख्रिस्तसभेची शिकवण येथे आपल्याला मदत करते. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद २२९० मध्ये, नशेत किंवा वेगाच्या हव्यासापायी रस्त्यावर स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यांना गंभीर दोषी म्हटले आहे. धोक्यात घालणे एवढेच दोषाला पुरेसे आहे. अपघात झालाच पाहिजे अशी अट तेथे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली वेगमर्यादेच्या नियमांकडे दुर्लक्ष करण्याची गणना समाजाविषयीच्या बेपर्वाईत केली. २००७ साली व्हॅटिकनने चालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या आणि त्यांतली पहिलीच मनुष्यहत्येविरुद्धची आहे. म्हणजे निष्काळजीपणाचा दोष घाटाच्या पायथ्याशी लागत नाही. तो माथ्यावर, धोका ठाऊक असूनही हात न्यूट्रलकडे वळतो, तेव्हाच लागतो.

मग परिणामाला काहीच अर्थ नाही का? आहे. ज्याच्या हातून इजा झाली, त्याच्यावर जखमीची आणि त्याच्या घराची जबाबदारी येते. नुसती क्षमा मागून ती फिटत नाही, शक्य ती भरपाई करावी लागते. पहिल्या चालकावर हे ओझे आले नाही. त्याने देवाचे आभार जरूर मानावेत, पण वाचलो म्हणजे बरोबर होतो असे समजू नये. आणि कोणी सर्व काळजी घेऊनही त्याच्या गाडीखाली कोणी सापडले असेल, तर त्याचे दुःख आयुष्यभराचे असू शकते. तरीही ते दुःख म्हणजे पाप नव्हे. असा माणूस आपल्यामध्ये असेल, तर त्याला टोचून बोलण्याऐवजी त्याच्या शेजारी बसणे हे आपले काम आहे.

नवीन गाडी घेतली की आपण ती आशीर्वादासाठी चर्चच्या आवारात आणता. आरशाला रोझरी लावता, डॅशबोर्डवर संत ख्रिस्तोफर असतात. आम्ही आनंदाने आशीर्वाद देतो. पण मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतील मोहाची घटना आठवा. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेले आणि उडी टाकायला सांगितले. देवदूत झेलतील असे आश्वासनही दिले. प्रभूने नकार दिला, कारण ती श्रद्धा नव्हती, देवाची परीक्षा पाहणे होते. न्यूट्रलमध्ये घाट उतरून संत ख्रिस्तोफरांवर भार टाकणे वेगळे आहे का?

ॲरिस्टॉटल म्हणतो आणि संत थॉमस अक्वायनस त्याला दुजोरा देतात की सद्गुण सवयीने अंगी बाणतो. गाडी चालवणाऱ्याला हे पटवून द्यावे लागत नाही. शिकताना क्लच, गिअर, ब्रेक यांचा एकेक विचार करावा लागतो. वर्षभराने हात-पाय आपोआप चालतात. संकटाच्या क्षणी विचाराला वेळ नसतो आणि पाय जे शिकला आहे तेच करतो. वाईट सवयही अशीच मुरते. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आपण घडलेल्या गोष्टी सांगतो. ज्या सवयींतून अजून काही घडले नाही, त्यांचाही शोध घ्यायला हवा.

तेव्हा पुढच्या घाटाच्या माथ्यावर, उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाका. चालत्या गाडीत विनाकारण क्लचवर पाय टेकवून ठेवू नका. उतारावर गाडी उभी करताना हँडब्रेक ओढा आणि गिअरही टाकून ठेवा. गाडी आपोआप सरकणार नाही अशी उभी करावी, हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही आहे. रविवारच्या मिस्सेनंतर आपल्या आवारात मुले धावत असतात. गाडी मागे घेण्यापूर्वी एकदा उतरून मागे पाहा. मागे कोणी नसेलही; तरीही पाहा.

प्रभू आपला प्रत्येक प्रवास सुखरूप करो.

आपले,
प्रमुख धर्मगुरू